मालकाचा वेल

मी थकले होते, हे आधीच सांगून टाकते. त्या तीन वर्षांचा विषय निघाला की ऐकणाऱ्यांना वाटतं, परदेशी बाईबरोबर रानोमाळ हिंडायला मिळालं, काय मजा आली असेल! मजा कसली? आठवडाभर शाळेत पहिलीची पोरं, शाळेनंतर घरचं रांधणं-धुणं, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवून मिससाहेबांच्या मागे माळावर. माझ्या चपलांचे अंगठे त्या काळात जेवढे तुटले तेवढे पुढे आयुष्यभरात तुटले नाहीत.

शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये लग्न न झालेल्या गोऱ्या बाईला मिससाहेब म्हणायची रीत होती. आमच्या या मिससाहेबांचा धर्माच्या कामाशी काडीचा संबंध नव्हता. त्या झाडपाला गोळा करायला आल्या होत्या. त्यांच्या थंड देशात त्यांनी उभं आयुष्य बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे पाय मोजत काढलं होतं. कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. रविवारी गावाबाहेर फिरायचं, पालापाचोळा आणायचा, ग्रंथालयातली पुस्तकं उघडून ताडून बघायचं, असं करत करत त्या एकट्याच शिकल्या. नोकरी संपल्यावर साठवलेल्या पैशातून देशोदेशी जाऊन झाडं गोळा करायची असं त्यांनी ठरवलं. त्यात आमच्या दुष्काळी मुलखाचा नंबर का लागावा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माळावर मुरूम आणि काटे याशिवाय काय होतं?

पण आमची शाळा मिशनची, आणि तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्हाला इंग्रजी येतं, बाई, तुम्हीच त्यांच्याबरोबर जात चला." पाळकसाहेबांना नाही कोण म्हणणार?

त्या चालायच्या फार हळू. दोन पावलं टाकली की थांबायच्या, वाकायच्या, भिंग काढायच्या. मी उन्हात उभी. घरी पीठ भिजवायचं राहिलंय, दळण आणायचं राहिलंय, हे सगळं माझ्या डोक्यात, आणि यांचं आपलं चाललंय, "टीचर, हे बघ, पानाच्या खाली केस आहेत." असतील बाई. माझ्याही डोक्यावर होते, ते विंचरायला वेळ नव्हता.

गोळा केलेला पाला वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये घालून, वर-खाली फळ्या ठेवून पट्ट्यांनी आवळायचा. पाल्याचं पाणी कागदात उतरतं, म्हणून कागद रोज बदलायचे. एक दिवस चुकला की बुरशी आलीच. कंपाउंडमधली त्यांची खोली गळकी होती, त्यामुळे तो सगळा पसारा आमच्या पडवीत आला. ओले कागद मी चुलीजवळ वाळवायची. आमचे हे एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या सोडायच्या आणि भोंग्यावरून पुकारायच्या हे त्यांचं काम. ड्यूटीवरून आले की पेपर शोधायचे आणि मला म्हणायचे, "माझ्या आधी तुझ्या मडमच्या गवताने वाचला वाटतं." पण एवढंच. त्यांनी कधी पडवी मोकळी कर म्हणून सांगितलं नाही. मिससाहेब जेवायला असल्या की स्वतः ताट वाढून द्यायचे आणि लाजून आत जाऊन बसायचे.

पहिल्या वर्षी श्रावणात आम्ही न्हावऱ्याला गेलो होतो. गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक उंचवटा होता, त्यावर एकच खोपट, आणि भोवती काट्यांचं कुंपण. त्या कुंपणात एक नाजूक वेल चढला होता. त्याला बोटाच्या पेराएवढी फुलं होती, खाली फुगीर, मध्ये निमुळती आणि वर इवलासा पिंजरा केल्यासारखी. मिससाहेबांनी ती बघितली आणि त्या मटकन खालीच बसल्या. मग म्हणाल्या, "टीचर, हा मी पुस्तकातल्या कुठल्याच वेलाशी जुळवू शकत नाही."

खोपटातली बाई बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. मी विचारलं, "काय म्हणता याला?"

तिने पदर तोंडाशी धरला, खाली बघितलं, आणि म्हणाली, "मालकाचा येल म्हन्ते मी."

मिससाहेबांनी तसं लिहून घेतलं. वेल एकुलता एक, म्हणून मुळाला हात लावला नाही, फुलांची एक डहाळी तेवढी घेतली. मलाही त्या नावात काही वावगं वाटलं नाही. रामफळ असतं, देवबाभूळ असते, मग मालकाचा वेल का नसावा?

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या परत आल्या, त्या एका वेलासाठी. त्यांच्या गावच्या संग्रहालयात शिकलेली माणसं बसलेली होती. त्यांनी डहाळी बघून सांगितलं होतं की नुसत्या फुलावर आम्ही काही म्हणणार नाही, फळासकट आणा. मिससाहेबांनी मला हे सांगितलं तेव्हा त्या चहाच्या कपाकडे बघत होत्या. "पदवी असती तर त्यांनी एवढ्यावरही ऐकलं असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या शब्दाला फळ लागतं." मला त्यांची तेव्हा पहिल्यांदा दया आली, आणि दया आली की आपण अडकतोच.

न्हावऱ्याला गेलो तर खोपटाला कडी. बाई आणि तिचा नवरा ऊसतोडीला गेले होते. कुंपणाचे काटे कुणीतरी चुलीत घातले होते आणि वेलाचा मागमूस नव्हता. तेव्हा आम्ही नावावरून शोध सुरू केला. न्हावऱ्यात विचारलं, चौफुल्याला विचारलं, पार वरवंडपर्यंत गेलो. हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मी विचारलं, "मालकाचा वेल कुठे मिळेल का हो?"

"कुठल्या मालकाचा?"

"ते माहीत नाही. वेलाचं नावच तसं आहे."

"असं कसं बाई? मालक असल्याबिगर येल कुठनं आला?"

दुसऱ्याने विचारलं, "जमिनीची मोजणी हाय का?" तिसऱ्याने मडमकडे बघून टोपी सावरली आणि सांगितलं की मालकाचा वेल बघायचा तर ओढ्यापलीकडच्या मळ्यात जावा, मालकांनी एकदम झकास वेल चढवलाय. आम्ही उन्हातून ओढा ओलांडून गेलो. मळ्याचे मालक पुढे आले, मोठ्या कौतुकाने आम्हाला विहिरीकडे घेऊन गेले, आणि मांडवावरचा दुधी भोपळ्याचा वेल दाखवला. मिससाहेबांनी त्याचंही भिंगातून पान बघितलं, मालकांना वाईट वाटू नये म्हणून. येताना दोन भोपळे मिळाले. ते अर्थात मीच उचलून आणले.

फुलाचं चित्र त्यांनी हाताने काढलं होतं. ते दाखवलं की लोक कागद उलटा-सुलटा धरून म्हणायचे, "व्हय व्हय, लई असत्यात." कुठे असतात, ते कुणाला सांगता यायचं नाही. त्या वर्षी त्या रिकाम्या हाताने परत गेल्या.

तिसऱ्या वर्षी त्या आल्या तेव्हा हातात काठी होती. गुडघे पार गेले होते. पायरी चढताना मला खांदा द्यावा लागला. पडवीत बसल्यावर त्यांनी सरळच सांगितलं, "टीचर, हे शेवटचं. यंदा फळ मिळालं नाही तर ती डहाळी कुठल्या तरी पाकिटात नावाशिवाय पडून राहील, आणि मी जे बघितलं ते मी सोडून कुणी बघितलंच नाही असं होईल."

दिवाळीची सुट्टी होती. घरात फराळाचं काही झालं नव्हतं. ह्यांनी बाजारातून शेव आणली आणि म्हणाले, "तू जा. त्या एवढ्या लांबून आल्यात." मी गेले.

त्या खेपेला मिससाहेबांच्या मनाने घेतलं की वेल भीमेच्या बाजूला असणार. मग रोज दौंडची गाडी. दौंडच्या रेल्वेच्या कडेने, नदीच्या काठाने, बाभळीच्या बनातून. त्या काठी टेकत पुढे, मी मागे. तोच प्रश्न, तीच उत्तरं. एका म्हाताऱ्याने तर माझी कीव करून विचारलं, "बाई, तुमचं मालक हरवल्यात का?" मला हसूही येईना. चौथ्या की पाचव्या दिवशी परतीच्या गाडीत माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मिससाहेब, उद्यापासून मी येणार नाही. माझ्या पायांचे तुकडे पडलेत. या नावाचा वेल पृथ्वीच्या पाठीवर नाही."

त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांची ती मान बघून मला आणखीच राग आला, त्यांचा आणि स्वतःचाही.

गाडी न्हावऱ्याच्या पुढे आली. रोज आम्ही इथून पहाटे जायचो आणि अंधारात परतायचो, त्या दिवशी अजून उजेड होता. माझी नजर सवयीने त्या उंचवट्याकडे गेली आणि खोपटाभोवती मला नवं कुंपण दिसलं. काट्यांमध्ये काहीतरी हिरवं होतं. मी ताडकन उठले आणि कंडक्टरला म्हटलं, "गाडी थांबवा."

"इथं थांबा न्हाई, बाई."

"थांबवा म्हणते ना!"

तो मला ओळखत होता. "कंट्रोलरसाहेबांच्या बाई हायेत," असं पुटपुटत त्याने दोरी ओढली. भर माळावर एसटी थांबली आणि सगळ्या गाडीच्या देखत मी मिससाहेबांना काखेत धरून खाली उतरवलं.

ती बाई दारातच धान्य पाखडत होती. आम्हाला बघून उठली. "आल्या का मडम! मला वाटलं, आता न्हाई येत."

कुंपणात वेल होता. वर सगळं जळून गेलं तरी खाली कंद जिवंत राहिला होता आणि पावसात पुन्हा फुटला होता. यंदा ऊसतोडीला निघायला अजून अवकाश होता, तरी बाईने भोवती आधीच दुप्पट काटे लावले होते, शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून. फुलं संपली होती. पण मधोमध एका देठाला दोन शेंगा लागल्या होत्या, गवारीसारख्या बारीक, लांब, टोकाला किंचित तांबूस. अजून उकलल्या नव्हत्या.

मिससाहेबांना खाली बसता येईना. उभ्या उभ्याच त्यांनी काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी ती शेंगांची जोडी धरली आणि त्या रडायला लागल्या. नाक पुसायचं भान नव्हतं. त्या बाईने मला विचारलं, "काय झालं वो? इखारी हाय का काय ते?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "यासाठी त्या तीन वर्षं हिंडतायत. आम्ही दोन वर्षं दौंडपर्यंत मालकाचा वेल, मालकाचा वेल म्हणून विचारत फिरलो. कुणाला म्हणून माहीत नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने तोंडात पदर कोंबला आणि तिला हसू आवरेना. हसता हसता खाली बसली. "अवो बाई, कसं माहीत आसंल? मालक म्हंजी आमचं मालक! ह्या येलाचं आन् त्यांचं नाव येकच हाय. मी कशी घिऊ? म्हून मी आपली मालकाचा येल म्हन्ते. दुसरं कोन म्हननार?"

मी कपाळाला हात लावला. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही, हे मला काय नवीन होतं? मीही घेत नव्हते. घरात "अहो", बाहेर "आमचे हे". आणि एका बाईच्या तोंडातला तो आडपडदा घेऊन आम्ही दोन तालुके पालथे घातले होते. धनगर तो कंद खणून खातात, खरं नाव त्यांच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. आम्ही विचारत होतो फुलाचं चित्र दाखवून आणि तिच्या नवऱ्याचं न घेतलेलं नाव घेऊन.

मी हे सगळं मिससाहेबांना इंग्रजीत समजावलं. त्यांना ते पटकन कळेना. "पण तिला ते नाव माहीत आहे ना?" त्या परत परत विचारत होत्या. "मग ती का सांगत नाही?"

बाईचा नवरा थोड्या अंतरावर बांधावर बसून दोर वळत होता. त्याला विचारलं असतं तर काम एका क्षणात झालं असतं. पण माझ्या मनात आलं, नको. वेल हिने राखला, नाव हिच्याच तोंडून येऊ दे. आपल्यात त्यालाही वाट आहे. मी म्हटलं, "उखाणा घ्या की! उखाण्यात चालतं."

"या वयात? चला, काय तरीच!"

"मडमसाठी घ्या."

ती लाजली, पदर सारखा केला, नवऱ्याकडे पाठ केली आणि घसा खाकरून म्हणाली:

"मडम आली दूरदेशची, पाला ठेवती जपून,
…चं नाव घेते, तुमी घ्या लिहून."

जिथे टिंबं आहेत तिथे तिने नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. तिने ते मोठ्या कष्टाने एकदाच उच्चारलं, मी कशाला उधळू? बांधावरच्या माणसाचा दोर हातातच थांबला होता. तो वर बघत नव्हता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

शेंगांपैकी एक मिससाहेबांनी घेतली आणि दुसरी वेलावरच ठेवली. "दोन्ही न्या की," बाई म्हणाली. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी पडवीत त्या चिठ्ठी लिहायला बसल्या. प्रत्येक नमुन्याबरोबर तशी चिठ्ठी जाते, कुठे मिळाला, केव्हा, तिथले लोक काय म्हणतात. त्यांनी उखाण्यातलं नाव लिहिलं आणि आधीच लिहून ठेवलेल्या जुन्या नावावर काट मारायला पेन उचललं. म्हणाल्या, लोक म्हणतात तेच स्थानिक नाव, एका माणसाने पाडलेलं धरत नाहीत.

गाडीतला तो त्रागा सोडला तर मी तीन वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला. "ती रोज म्हणते ते नाव. शेळ्या हाकताना म्हणते, काटे लावताना म्हणते. तुमचं संग्रहालय तुमच्या एकटीच्या शब्दाला किंमत देत नाही म्हणून तुम्ही रडलात ना? मग तिच्या शब्दावर काट का मारता?"

मग त्यांनी पेन वळवलं आणि खरं नाव वर, मालकाचा वेल खाली, अशी दोन्ही ठेवली. थोड्या वेळाने विचारलं, "तुमच्याकडेही तसंच आहे का, टीचर?"

"हो."

"तीन वर्षं मी या घरात जेवते. तुझ्या नवऱ्याचं नाव मला माहीत नाही."

मी चुलीकडे वळले आणि म्हटलं, कागद वाळत घालायचेत.

त्या निघाल्या त्या दिवशी स्टँडवर दिवाळीनंतरची गर्दी होती. कंडक्टरने पाल्याचा गठ्ठा उचलला आणि टपावर फेकायच्या बेतात होता. मिससाहेब ओरडल्या, पण त्या गोंधळात कोण ऐकतो? तेवढ्यात हे केबिनमधून पळत आले. टोपी नाही, हातात पेन. त्यांनी गठ्ठा कंडक्टरच्या हातून काढून घेतला, ड्रायव्हरच्या पाठीमागे जागा करून ठेवला, वर स्वतःचा टॉवेल घालून बांधला आणि ड्रायव्हरला दम भरला की पुण्यापर्यंत याला धक्का लागता कामा नये. मग खाली उतरून नेहमीसारखे लाजून केबिनच्या दाराशी उभे राहिले.

मिससाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं. "टीचर, चिठ्ठीवर मदत करणाऱ्यांची नावं असतात. तुझं लिहिलंय. त्यांचं सांग."

गाडी सुरू झाली होती. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." पण गाडीच्या आवाजात ते दूर उभे, त्यांना काय ऐकू जाणार? मिससाहेबांची बोटं माझ्या मनगटावरून सुटायला लागली. त्या पुन्हा येणार नव्हत्या, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. उखाणा आठवायला वेळ नव्हता. मी गाडीबरोबर चार पावलं धावले आणि ह्यांचं नाव घेतलं. मिससाहेबांनी कानाला हात लावला. इंजिनाच्या घरघरीत ऐकू गेलं नव्हतं. मग मी जीव खाऊन ओरडले, आडनावासकट.

स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. शेंगदाणेवाला तोंड उघडं टाकून उभा होता. गाडी फाटकातून वळली, मिससाहेबांनी हात हलवला, त्यांना ऐकू गेलं एवढं त्यांच्या तोंडावरून कळलं.

मी मागे वळले तेव्हा हे केबिनच्या दारात उभे होते. माझ्याकडे बघितलं, आत गेले आणि भोंग्यावरून न्हावरे-चौफुला-दौंड पुकारायला लागले. ती गाडी त्या दिवशी त्यांनी दोनदा पुकारली. मी घरी आले आणि भर दुपारी चटईवर आडवी झाले. तीन वर्षांचा शीण अंगात होता, तरी झोप लागेना.

हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एवढ्या संसारात मी त्यांना नावाने हाक मारली ती एकदाच, आणि तीसुद्धा दुसऱ्या कुणाला सांगण्यासाठी.